माझे मेसेज आधी पुसा

दुपारी कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी परीक्षानळ्या धुऊन स्टँडवर उलट्या लावत होते, तेव्हा काकीचा फोन आला.

"गो, तुझा तो मंच बिघडलाय काय? मी कुठंच नाय."

"कुठंच नाय म्हणजे?"

"म्हंजे मी नाय. ह्यांचं हाय, बोटवाल्या भावजींचं हाय, सगळ्यांचं हाय. माझंच तेवढं नाय."

मला वाटलं, फोन अडकला असेल. बंद करून चालू कर, असं सांगून मी कामाला लागले. संध्याकाळी खाडीपलीकडे भाट्याला गेले, काकीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहिले, कारण त्या घरात रेंज फक्त तिथेच येते, आणि मंच उघडला. काकी म्हणत होती ते खरं होतं. इतक्या वर्षांत तिने तिथे जे जे लिहिलं होतं त्यातला एक शब्दही शिल्लक नव्हता. लोकांनी तिला दिलेली उत्तरं होती. तिच्या बोलण्यावर लोक हसले होते ते हसू होतं. "हा हा हा, काकी!" असं कोणीतरी लिहिलेलं होतं, आणि त्याच्या वर काहीच नव्हतं.

या गोष्टीला आता बरेच महिने झाले. राग कमी होईल असं मला सगळे सांगत होते. तो झालेला नाही. म्हणून तो नीट, पहिल्यापासून लिहून ठेवते आहे.

माझं गाव रत्नागिरीपासून बरंच आत, एसटी जिथून परत फिरते तिथलं. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. मी बारावी झाले तेव्हा वडील म्हणाले, पुढचं आपल्याला झेपणार नाही. तेव्हा वडिलांचे धाकटे भाऊ, माझे काका, गावी येऊन माझी ट्रंक स्वतः उचलून एसटीत टाकून मला घेऊन गेले. भाट्याच्या त्यांच्या घरी राहून मी बीएस्सी झाले. काका जयगडला बंदरावरच्या एका कँटीनमध्ये कोठी सांभाळायचे, आठवडाभर तिकडेच राहायचे आणि रविवारी घरी यायचे. बाकीचे दिवस मी आणि काकी. सकाळी सातच्या प्रॅक्टिकलला मी उपाशी गेले असं एकदाही झालं नाही. हे उपकार फेडता येत नाहीत, सांगता मात्र येतात, म्हणून सांगितले.

काकी चौथी शिकलेली. वाचायची भरभर, पण लिहायला तिला फार वेळ लागायचा. मला कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि मी शहरात राहायला गेले, तेव्हा मी तिला फोन घेऊन दिला आणि मंचावर तिचं खातं उघडून दिलं. मंच म्हणजे रत्नागिरीच्या माणसांचं एक संकेतस्थळ. एकेका विषयाचा एकेक धागा आणि त्याखाली लोकांची उत्तरं. मूळचा रत्नागिरीचाच, आता पुण्यात संगणकाचं काम करणारा एक जण ते चालवतो. आम्ही सगळे त्याला ऍडमिन म्हणतो. काका आधीपासून तिथे होते. जयगडच्या खोलीत संध्याकाळी त्यांना तेवढाच विरंगुळा होता. काकीला मी माइकचं बटण दाखवलं. ती बोलायची आणि अक्षरं आपोआप उमटायची. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "हे बरं हाय. ऐकतं तरी. तुझा काका एवढं पण ऐकत नाय."

माइकला दोन खोडी होत्या. एक म्हणजे तो स्वल्पविराम, पूर्णविराम काही टाकायचा नाही. दुसरी म्हणजे त्याला कोकणातलं बोलणं धड कळायचं नाही. एकदा काकीने सांगितलं की आज बांगडे तळले, आणि मंचावर उमटलं, "आज बांगड्या तळल्या". बोटवाल्या भाऊंनी लगेच विचारलं, "वहिनी, काचेच्या की सोन्याच्या?" हे बोटवाले भाऊ आयुष्यभर मालवाहू जहाजांवर नोकरी करून आता घरी बसलेले. जग फिरून आलेल्या माणसाला घरी करमत नाही. ते दिवसभर मंचावरच असायचे.

मंचावर एक सोय आहे. आपण लिहिलेलं आपल्याला काढता येतं. मात्र जागा रिकामी होत नाही, तिथे एक राखाडी ओळ उरते: "हा संदेश लेखकाने काढून टाकला आहे." माझे काका यात सगळ्यात पुढे. रागावून लिहायचे आणि काढायचे. प्रेमाने लिहायचे आणि त्याहून लवकर काढायचे. बंदरावरची पोरं मंच वाचायची, त्यांच्यासमोर शोभा नको म्हणून.

या राखाडी ओळींना वैतागून बोटवाल्या भाऊंनी एक धागा काढला होता. त्याचं नाव 'खोडलं कोणी?' नियम साधा. कोणी लिहून काढून टाकलं की बाकीच्यांनी अंदाज करायचा, काय लिहिलं असेल. मला तो धागा पाठ आहे म्हटलं तरी चालेल.

बोटवाले लिहायचे, "सकाळी सकाळी कोणीतरी लिहून खोडलंय. ओळ अजून गरम आहे."

मिरकरवाड्याची एक ताई होती, तिच्या घरचा बर्फाचा धंदा. पहाटेचा मासळीचा लिलाव आटपून ती मंचावर यायची. ती म्हणायची, "बोंबलाचा भाव विचारला असणार. उत्तर ऐकायच्या आधी गिऱ्हाईक पळालं."

मग काका, "मी नव्हतो."

"तुम्हाला कोणी विचारलं?" बोटवाले टोकायचे.

आणि मग काकी यायची. ती लिहायची, "ह्यांनीच लिवलेलं आज कँटीनला सुरमई होती पण घरच्या बांगड्याची याद आली असं लिवलं आणि खोडलं मी वाचलं".

तिला कळायचं कसं, हे पहिले काही महिने कोणालाच समजलं नाही. साधी गोष्ट होती. फोन खिडकीत, काकी चुलीपाशी. मंचावर कोणी काही लिहिलं की तिच्या फोनवर ते वरच्या बाजूला उमटायचं, आणि लिहिणाऱ्याने नंतर मंचावरून काढलं तरी फोनवर राहायचं. काकी हात पुसत यायची, वाचायची, आणि सगळ्या रत्नागिरीला सांगायची.

"काका, सापडलात!" मिरकरवाड्याची ताई लिहायची.

काका चिडायचे. "इथं बंदरावरची पोरं वाचतात. तू घरात अशी आणि इथं पण अशीच."

"घरात खोडता येत नाय म्हणून गप बसता", काकीचं उत्तर.

"तुझा फोन खाडीत टाकतो रविवारी."

"टाका मग बांगडे पण खाडीतच तळा".

हे असं वर्षानुवर्षं चाललं. आठवडाभर एकमेकांपासून लांब राहणारी दोन माणसं सगळ्यांच्या देखत भांडायची आणि लोक त्यांचं भांडण चहाबरोबर वाचायचे. रविवारी काका घरी आले की दोघं एका शब्दाने काही बोलायची नाहीत. बोलायचं होतं ते सगळं मंचावर झालेलं असायचं.

मग काका आजारी पडले. रत्नागिरीतच दवाखान्यात होते. एका दुपारी काकी घरी डबा भरायला आलेली असताना त्यांनी तिथून त्याच धाग्यावर काहीतरी लिहिलं आणि काढून टाकलं. राखाडी ओळ उमटली. बोटवाल्यांनी अंदाज केला, "दवाखान्याच्या खिचडीची तक्रार." ताई म्हणाली, "नर्सची." सगळे काकीची वाट बघत होते. तिने त्या दिवशी एकच शब्द लिहिला, "वाचलं". पुढे काही सांगितलं नाही. काही दिवसांनी काका गेले, आणि मग त्या ओळीविषयी कोणी अंदाज केला नाही.

आता काकीचे सगळे संदेश जाणं म्हणजे काय, हे समजेल. काकांनी स्वतःचं जवळजवळ सगळं खोडून ठेवलं होतं. त्यांचं खरं बोलणं उरलं होतं ते काकीच्या संदेशांत, "असं लिवलं आणि खोडलं मी वाचलं" म्हणून तिने पकडून ठेवलेलं. त्यांच्या नावावर शिल्लक काय, तर "मी नव्हतो", "तू घरात अशी आणि इथं पण अशीच", "फोन खाडीत टाकतो". दुपारची भांडी झाली की काकी खिडकीत स्टुलावर बसून तो धागा वाचायची. ओठ हलायचे. मधेच हसायची. मी तिला कधी हटकलं नाही.

गेल्या वर्षी ऍडमिनने सूचना लावली. मंच नव्या जागी हलवायचा आहे. जागा कमी आहे. मंचाचा दर्जा वाढवायचा आहे. त्यामुळे जुन्या अवांतर गप्पा काढून टाकण्यात येतील. कोणाचं काही म्हणणं असल्यास कळवावं.

दर्जा! माझ्यासारख्या मुलीला हा शब्द चांगला ओळखीचा आहे. रत्नागिरीत शिकायला आले तेव्हापासून तो मी ऐकते आहे आणि बहुतेक वेळा तो माझ्याकडे बघूनच उच्चारलेला असतो.

काकीने सूचना वाचली. ती मला काही बोलली नाही. तिने माइक दाबला आणि सूचनेखाली आपलं म्हणणं सांगितलं. उमटलं ते असं:

"माझे मेसेज आधी पुसा मग काय ते करा".

आमच्या गावाकडे जुनी माणसं विचारण्याला पुसणं म्हणतात. वाट पुसायची, भाव पुसायचा, घरात मोठं माणूस असेल तर त्याला पुसून निघायचं. काकीने सांगितलं होतं, माझ्या मेसेजांचं असेल तर आधी मला विचारा, मग काय करायचं ते करा. मधे दोन ठिकाणी ती थांबली असणार. माइकने ते थांबणं खाल्लं.

ऍडमिनने पुसले. म्हणजे फडक्याने. आधी, म्हणजे सगळ्यांच्या आधी. बाकी कोणाचं काही काढायच्या आत त्याने काकीच्या नावावरचं पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं काढलं. तेही असं मुळापासून की राखाडी ओळसुद्धा उरली नाही. आणि वर हात जोडलेलं चित्र टाकून सूचनेखाली लिहिलं, "काकींनी स्वतःहून पुढाकार घेतला. सर्वांनी असेच सहकार्य करावे ही विनंती."

 मी तिथेच, खिडकीत उभी राहून, त्याला लिहिलं. आपण काय केलंत हे तुम्हाला ठाऊक आहे का, असं विचारलं.

त्याने उत्तर दिलं, आणि ते नम्र होतं. त्यानेच मला जास्त राग आला. "ताई, त्यांचाच संदेश आहे. 'माझे मेसेज आधी पुसा.' मी फक्त त्यांच्या इच्छेचा मान राखला."

"पुसा म्हणजे विचारा," मी लिहिलं.

"पुसणे म्हणजे पुसणे. मी मराठी माध्यमातच शिकलोय."

"मग विचारपूस म्हणजे काय? आधी विचारतात आणि मग ओल्या फडक्याने पुसतात? तुमच्या घरी आजारी माणसाची विचारपूस करायला कोणी आलं तर बादली घेऊन येतं का?"

एवढ्यात बोटवाले भाऊ आले. "ऍडमिनसाहेब, आमच्यात वाट पुसतात. तुमच्या पुण्यात वाट धुतात काय?"

मिरकरवाड्याची ताई आली. "माझ्याकडे रोज शंभर गिऱ्हाइकं भाव पुसतात. एकानं पुसून नेला नाही अजून."

लोक हसत होते. मी हसत नव्हते. मला आणखी एक मुद्दा सांगायचा होता आणि तो मी सांगितला. काकी खोडण्याला कायम खोडणंच म्हणायची. सगळ्या धाग्यावर, शंभर वेळा, "लिवलं आणि खोडलं". काढून टाकणं या अर्थी तिने 'पुसणं' एकदाही वापरलेलं नाही. ज्याने तिचे चार संदेश नुसते वाचले असते त्याला हे कळलं असतं. म्हणजे न वाचताच काढले. आणि आता मला हे सिद्ध करून दाखवता येत नाही, कारण दाखवायला काही ठेवलेलंच नाही.

त्याने सूचनेखालचं ते हात जोडलेलं चित्र तेवढं काढलं.

मला राग होता तो नुसता त्याचा नव्हता. आठवीत मी तालुक्याच्या शाळेत गेले. तिथे पहिल्या निबंधात मी लिहिलं होतं, "मी बाईंना पुसले." बाईंनी तांबड्या शाईने 'पुसले' वर रेघ मारून 'विचारले' लिहिलं, आणि वर्गाला वाचूनही दाखवलं. वर्ग हसला. त्या बाईंनी मला फार शिकवलं, व्याकरण त्यांच्यामुळे पक्कं झालं, त्यांचं ऋण मी मानते. पण त्या दिवसापासून मी तो शब्द तोंडातून काढून टाकला. घरी गेल्यावरसुद्धा मी 'विचारते' म्हणायला लागले, आणि माझी आई मला 'शाळेतली' म्हणून चिडवायला लागली. काकीने मात्र तो शब्द ठेवला होता. तिच्यावर कोणी तांबडी शाई चालवली नव्हती. ती चालवायला शेवटी हा भेटला.

त्या रात्री मी काकीला खरं काय झालं ते सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सांगावं लागलं, कारण तिने स्वतःच एक कारण शोधून काढलं होतं.

"माझं बोलणं गावठी," ती म्हणाली. "शिकलेली माणसं तिथं. नको वाटलं असेल त्यांना."

"तसं नाही, काकी."

"मी त्यांना सांगितलेलं, आधी पुसा. पुसलं तरी काय? सरळ काढलं."

मग मी तिला सांगितलं. तिच्या वाक्याचा त्याने काय अर्थ घेतला ते. ती नारळ खवत होती. 

"म्हंजे माझ्याच तोंडानं गेलं?"

"तुझ्या तोंडानं नाही. त्याच्या हाताने गेलं."

"नाय गो. मीच बोलले." तिने खवलेलं खोबरं ताटात एका बाजूला सारलं. "ते एवढं खोडायचे, मी राखायचे. आणि मीच सांगितलं खोडा म्हणून."

ती रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने फोन खिडकीतून काढला आणि फडताळात डाळीच्या डब्यामागे ठेवला. दुपारची ती स्टुलावर बसायची, ते बंद झालं.

मी ऍडमिनला फोन केला. आवाज चढवून बोलले, हे खरं. परत आणा, म्हटलं. तो म्हणाला, नाही येणार. जुनी एक प्रत आहे, पण ती काकीचं खातं उघडायच्याही आधीची. मी म्हटलं, बटण दाबायच्या आधी माणसाला एक फोन करायला काय जातं? तो म्हणाला, चुकलं. मी म्हटलं, एखाद्याच्या घरातलं सामान बाहेर काढायचं तर आपण दार वाजवतो, मग इथे का नाही? तो परत म्हणाला, चुकलं. चुकलं म्हणणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, ही मोठी अडचण असते.

दोन-तीन दिवसांनी त्याने मंचावर सगळ्यांसमोर लिहिलं. "काल आईला फोन केला. 'आई, पुसणे म्हणजे काय' असं विचारलं. ती म्हणाली, 'हे काय पुसणं झालं?' मला उत्तर मिळालं. काकी, मला माफ करा. आता दुसऱ्या कोणाचं काही काढणार नाही."

त्यावर पुन्हा हसणं सुरू झालं. बोटवाल्यांनी लिहिलं, "आईला अजून काय काय पुसायचं राहिलंय त्याची यादी करा." मला मात्र वाटलं, बाबा रे, हा फोन तू एक आठवडा आधी केला असतास तर?

पुढचं बोटवाल्या भाऊंनी सुरू केलं. 'खोडलं कोणी?' या धाग्यावर काकांचं एक वाक्य एकटंच लोंबकळत होतं, "तू घरात अशी आणि इथं पण अशीच." त्याच्याखाली त्यांनी लिहिलं, "याच्या वर वहिनींनी लिहिलेलं होतं की आज कँटीनला पापलेट होतं पण घरच्या बांगड्याची आठवण आली. मला आठवतंय."

ताई म्हणाली, "पापलेट नव्हे, सरंगा."

"तुम्हाला सगळीकडे सरंगाच दिसतो."

"तुम्हाला बोटीवर मासे ओळखायला शिकवलं नाही वाटतं."

त्यांचं भांडण मी कॉलेजमधून वाचलं आणि संध्याकाळी भाट्याला जाऊन काकीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "दोघांना पण काय आठवत नाय."

"मग काय होतं?"

"सुरमई."

"मग सांग ना त्यांना."

"तू सांग."

"मी का सांगू? मला कुठे आठवतंय?" हे मी खोटं बोलले. मला चांगलं आठवत होतं.

तिने तांदळाचं सूप खाली ठेवलं. मग उठली, फडताळातून फोन काढला, पदराने त्याच्यावरचं डाळीचं पीठ झटकलं आणि खिडकीत गेली. "पापलेट नाय आणि सरंगा पण नाय सुरमई आणि आठवण नाय याद असं लिवलेलं ह्यांनी".

बोटवाले भाऊ इतके खूश झाले की त्यांनी एकाखाली एक सात-आठ संदेश लिहिले आणि त्यातले तीन लगेच खोडले.

त्यानंतर बरेच दिवस हेच चाललं. कोणीतरी चुकीचं आठवायचं आणि काकी दुरुस्त करायची. मला वाटतं, काही लोक मुद्दाम चुकीचं आठवत होते. ऍडमिनसुद्धा आला. त्याला तळलेल्या बांगड्या आठवत होत्या, कारण ऑफिसात ते वाचून तो मोठ्याने हसला होता. म्हणजे त्याने निदान ते एक तरी वाचलं होतं. हे समजल्यावर मला थोडं बरं वाटायला हवं होतं. उलट मी आणखी चिडले. वाचलं होतंस, हसला होतास, तरीही!

सगळं परत आलं नाही. हे मी स्पष्ट लिहिते, कारण मंचावर लोक आता म्हणतात की उलट मजा आली, झालं ते बरं झालं. बरं काही झालेलं नाही. काकीला जेवढं आठवलं तेवढं आलं. जे तिलाही आठवलं नाही, ते काका बोलले होते की नाही हे आता कोणीच सांगू शकणार नाही. कधी कधी ती माइक तोंडापाशी धरून थांबते आणि म्हणते, "पुढं काय होतं गो?" तेव्हा मी काय उत्तर देऊ?

शेवटी एका दुपारी मिरकरवाड्याच्या ताईने लिहिलं, "काकी, एक राहिलंच. काकांनी दवाखान्यातून लिहून खोडलेलं. तुम्ही तेव्हा फक्त 'वाचलं' लिहिलेलं. सांगावंसं वाटलं तर सांगा."

मी तिथेच होते, सुट्टीचा दिवस होता. मला ताईचा रागच आला. काही गोष्टी विचारायच्या नसतात, हे कळत कसं नाही माणसांना? मी काकीच्या हातातून फोन घेणार होते. ती म्हणाली, "थांब." आणि फोन घेऊन खिडकीत गेली, पाठ माझ्याकडे करून. तिने माइक दाबला. इतक्या हळू बोलली की मला फक्त कुजबुज ऐकू आली, आणि मधे एकदा ती हसल्यासारखं वाटलं. मग ती स्क्रीनकडे बघत राहिली. बोटाने काहीतरी दाबलं. मी तिला ते कधी शिकवलं नव्हतं.

माझा फोन आतल्या खोलीत चार्जिंगला होता. मी धावत जाऊन तो खिडकीत आणला, तर वर काहीच उमटलं नाही. धागा उघडला. तिथे ओळ होती: "हा संदेश लेखकाने काढून टाकला आहे."

बोटवाल्यांचं लगेच आलं. "वहिनी! तुम्ही सुद्धा?"

मग ताई, "माझ्या फोनवर दिसायच्या आत गेलं. बर्फाचे हात पुसेपर्यंत गेलं!"

"नियम म्हणजे नियम," बोटवाले म्हणाले. "चला, अंदाज."

कोणीच अंदाज केला नाही. 

मी फोन खाली ठेवला. काकी फोन खिडकीत जागच्या जागी ठेवून चहाचं आधण ठेवत होती. मी म्हटलं, "काकी, काय होतं ते? मला तरी."

"पुसू नको गो," ती म्हणाली, आणि साखरेचा डबा शोधायला लागली.

मंच आता नव्या जागी गेला आहे. हलवायच्या आदल्या दिवशी ऍडमिनचा काकीला संदेश आला. तिने तो मला वाचायला दिला. लिहिलं होतं, "काकी, 'खोडलं कोणी?' धाग्यावर तुमची एक राखाडी ओळ आहे. नव्या जागी रिकाम्या ओळी आपोआप जातात, ठेवायची तर मला हाताने ठेवावी लागेल. तिच्या बरीच वर तशीच दुसरी एक आहे, काकांची, दवाखान्यातली. आधी पुसतोय. ठेवू का?"

मी म्हटलं, हो म्हणून लिहिते. काकीने फोन माझ्या हातातून काढून घेतला. ती माइक दाबून बोलली नाही. एकेक अक्षर शोधून, चष्मा कपाळावरून खाली घेऊन, स्वतः लिहिलं. त्याला फार वेळ लागला, आणि मी मदत करायला गेले तर तिने कोपराने मला बाजूला केलं.

"दोनी ठेवा. पूसलंत ते बरं केलंत."

ऱ्हस्व-दीर्घ चुकलं होतं. मी ते दुरुस्त केलं नाही.